रान्वासाठी बेतलेला पाऊस

हेर्बोर्गला मी शाळेपासून ओळखते आणि तेव्हापासून तिचा हेवा करते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करायला लागले की ते तोंडदेखलं वाटायला नको. माझा स्वभाव मुळात खवचट आहे. माझ्या तोंडून कौतुक सुखासुखी निघत नाही.

आमचं गाव उत्तर अटलांटिकमधल्या, डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या फेरो बेटांमधल्या अगदी दक्षिणेकडच्या बेटावर आहे. दर मंगळवारी संध्याकाळी आमचा विणकामाचा क्लब भरतो. असा क्लब इथे गावोगाव असतो. बायका स्वेटर विणतात, कॉफी पितात आणि ज्या आल्या नाहीत त्यांच्याविषयी बोलतात. आमच्या क्लबात मात्र आणखी एक उद्योग चालतो. आम्ही हवामानं रचतो. जिची पाळी असेल ती एक कुठेच नसलेलं गाव घेऊन येते आणि तिथलं वर्ष सांगते. कधी पाऊस, कधी ऊन, वारा कुठून, धुकं किती. बाकीच्या प्रश्न विचारतात आणि शेवटी दहापैकी गुण देतात, त्या हवेत राहायला किती बरं वाटेल त्याचे.

नियम दोनच. पहिला, हवामानात काहीतरी खोट हवी. बिनखोटीच्या हवामानाला सरळ शून्य, कारण ते कुणालाच खरं वाटत नाही. दुसरा, गुण देऊन होईपर्यंत प्रत्येकीने त्या गावातच राहायचं. "असं कुठे असतं का गं?" असं म्हणायची सोय नाही. त्या गावातली बाई होऊनच काय ते विचारायचं.

मी एकदा मोठ्या हौसेने एक गाव रचलं. बारा महिने बावीस डिग्री, मंद झुळूक, रात्री जरासा शिडकावा. खोट म्हणून डास घातले होते. इथे डास नसतात, त्यामुळे मला वाटलं काहीतरी नवीन दिलं आपण.

टोरा, आमच्यातली सगळ्यात फटकळ, सुया खाली न ठेवता म्हणाली, "मारीन, हे हवामान आहे की दवाखान्यातली बसायची खोली? दोन गुण. आणि तेही डासांना."

त्यानंतर हेर्बोर्गची पाळी होती. तिने जन्मभर शाळेत स्वयंपाक केला, आणि कोपनहेगनच्या पलीकडचं जग तिने पाहिलेलं नाही. पण ती बोलायला लागली की आमच्या सुया आपोआप मंदावायच्या.

"वारा जेवणं झाल्यावर सुटतो," ती म्हणाली, "आणि धुणं वाळलं की पडतो. मार्चमध्ये पाऊस डोंगराच्या एकाच अंगाला पडतो. मेंढ्यांना ते माहीत असतं, त्यामुळे त्या कुठे असतील ते माणसांना माहीत असतं. ऑक्टोबरात सकाळी धुकं येतं, पण पोरांच्या छातीपर्यंतच. शाळेच्या वाटेवर नुसती डोकी चाललेली दिसतात."

"मटण सुकेल का?" टोराने विचारलं. आमच्याकडे घराशेजारी फटींच्या भिंतींची एक खोपी असते, तिच्यात मटण टांगून वाऱ्यावर सुकवतात. टोराचा हा प्रश्न ठरलेला.

"सुकेल. पण नाताळपर्यंत थांबावं लागेल."

"आणि खोट?"

"जानेवारीत हवा इतकी थंड आणि स्थिर असते की आवाज लांबवर जातो. शेजारच्या घरातलं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं."

"याला खोट म्हणतेस?" टोरा म्हणाली. "हिवाळ्यात तेवढीच करमणूक! घे, नऊ घे."

टोराने नऊ दिल्यावर आमची काय बिशाद. मी त्या संध्याकाळी घरी जाताना चिडले होते आणि खूशही होते. मी तापमान सांगायचे. हेर्बोर्ग सांगायची की त्या तापमानात म्हातारी माणसं दाराच्या कुठल्या बाजूला खुर्ची टाकतील. हवा माणसाला काय करायला लावते ते तिला दिसायचं. एवढाच फरक होता, आणि तो फार मोठा होता.

रान्वा ही हेर्बोर्गची धाकटी बहीण. दोघींची घरं भिंतीला भिंत लावून. दोघींचे नवरे समुद्रावर जायचे तेव्हाही, आणि दोघी विधवा झाल्यावरही, सकाळची कॉफी एकीकडे आणि दुपारची दुसरीकडे असा त्यांचा शिरस्ता होता. रान्वाची फुप्फुसं खराब झाली. दोन हिवाळे तिने खुर्चीत बसून झोपून काढले, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की पुढचा हिवाळा या ओलीत आणि धुक्यात काढला, तर ती वसंत बघेल असं ते म्हणणार नाहीत.

रान्वाची मुलगी एल्स्पा स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर एका हॉटेलात काम करते. आईसाठी तिच्याकडे एक खोली होती, गच्ची होती आणि मुख्य म्हणजे कोरडी हवा होती. जायच्या आधीच्या मंगळवारी रान्वाने क्लबात एल्स्पाचं गाव मांडलं. खरं गाव आम्ही पहिल्यांदाच खेळात घेत होतो. महिनोन् महिने ऊन. नोव्हेंबरातही नुसत्या ब्लाउजवर बाहेर. खोट, ऑगस्टचा उकाडा.

आम्ही बहुतेकींनी नऊ दिले. टोराने तर दहाच दिले आणि नाक पुसलं. हेर्बोर्गने गुणच दिले नाहीत. तिचे म्हणे टाके मोजायचे राहिले होते.

रान्वा सप्टेंबरात स्पेनला गेली. ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी आम्ही विणत बसलो असताना हेर्बोर्गच्या फोनवर एल्स्पाचा चेहरा दिसला. डोळे रडून लाल.

"मावशी, आई आत्ता दवाखान्यातून घरी आलीय. चक्कर येऊन पडली."

"कशाने? दमा उठला?"

"कशाचा दमा! हवा तिला मानवलीय, डॉक्टरसुद्धा म्हणाले. ती दमून पडली, मावशी. ती बसतच नाही! आली त्या दिवसापासून रोज पहाटे उठते. घरातले सगळे पडदे धुतले. गच्चीचा कठडा रंगवला. मग खालच्या बाईंचा कठडा रंगवला, त्यांना न विचारता. गाद्या उन्हात, चटया उन्हात. मला म्हणते, 'असा कोरडा दिवस वाया घालवू? मग कधी करणार?' मी सांगते, अगं उद्यापण कोरडाच आहे. तर म्हणते, 'असं कधी म्हणू नये.'"

टोरा हसली. मग मी हसले. मग सगळ्यांच्या सुया थांबल्या, कारण आमच्यापैकी प्रत्येकीने हेच केलं असतं. आमच्या बेटावर कोरडा दिवस उजाडला की हातातलं टाकून माणूस बाहेर धावतं. धुणं, रंग, गवत, कुंपण, सगळं त्या दिवसात उरकायचं, कारण पुढचा कधी येईल याची शाश्वती नाही. कोरड्या दिवशी घरात बसलेली बाई एक तर आजारी असते, नाहीतर डॅनिश असते. आणि इथे रान्वाला एकामागोमाग एक कोरडे दिवस मिळत होते, आणि तिच्या अंगात एकही सोडून द्यायची ताकद नव्हती. नऊ गुण देताना आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

"आणि आता म्हणते, घरी जायचं," एल्स्पा म्हणाली. "म्हणते, तिथे निदान पाऊस पडतो, बसायला तरी मिळतं. मावशी, तू सांग तिला. ती हिवाळ्यात तिकडे आली तर..." 

फोन ठेवल्यावर टोरा म्हणाली, "येऊ दे तिला. आपल्या माणसांत मरेल तरी."

"टोरा!" मी म्हटलं.

"मग काय खोटं बोलू?"

हेर्बोर्ग विणलेल्या ओळी उसवत बसली होती. तिला काय वाटत असेल ते मला कळत होतं. तिची बहीण परत यायचं म्हणत होती, आणि तिने नुसतं 'ये' म्हणायची खोटी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे कॉफीला गेले तेव्हा तिने माझ्यासमोर रान्वाला फोन लावला.

"उद्या तुझ्याकडे पाऊस आहे," ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"काय बरळतेस?" रान्वाचा आवाज आला. "इथे ढगाचं नाव नाही."

"सकाळी अकराला सुरू होईल. समुद्राकडून. चांगला आडवा. संध्याकाळपर्यंत थांबायचा नाही."

 मग रान्वाच्या लक्षात आलं. "हेर्बोर्ग, क्लबातले खेळ माझ्याशी फोनवर नको खेळूस. मी आजारी आहे."

"म्हणूनच. गुण नंतर दे. तोवर गावात राहायचं, नियम माहीत आहे ना?"

पहिला प्रयत्न साफ फसला. रान्वा दुसऱ्या दिवशी साडेअकरापर्यंत घरात बसली आणि मग एल्स्पाचं कपाट गच्चीत ओढून घासत बसली. "शून्य," तिने फोनवर सांगितलं. "त्या उन्हात तुझा पाऊस टिकतच नाही. दाराबाहेर बघितलं की वाटतं, कुणीतरी आपल्याला वेड्यात काढतंय."

मी असते तर तिथेच सोडून दिलं असतं. हेर्बोर्ग मात्र दिवसभर विचार करत होती, आणि संध्याकाळी तिने कबूल केलं की चूक तिचीच. "मी आपला पाऊस तिकडे पाठवला," ती म्हणाली. "तिथे त्याला उतरायला जागाच नाही. तिथलंच काहीतरी हवं."

मग तिने एल्स्पाला प्रश्न विचारून हैराण केलं. गच्ची कुठल्या दिशेला? मागे डोंगर आहे का? दुपारी बाया खिडक्या लावून घेतात का? भिंतींचा रंग कोणता? एल्स्पा म्हणाली, मावशी, हॉटेलात पाहुणे उभे आहेत, आणि तरी उत्तरं देत राहिली.

दोन दिवसांनी हेर्बोर्गने नवं हवामान सांगितलं. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, इतकं ते बेमालूम होतं.

"उद्या पांढरा दिवस आहे," तिने रान्वाला सांगितलं. "तुमच्या डोंगरामागून येतो तो. दिसायला ऊनच, नवख्या माणसाला फरक कळायचा नाही. पण त्या उजेडाने लोकर विटते. निळी असेल तर एका दुपारीत राखाडी. कपडे वाळत घातले तर सुकवलेल्या माशासारखे कडक होतात. रंग लावला तर फोड येतात. तिथल्या बाया त्या दिवशी खिडक्यांच्या झडपा ओढून घेतात आणि बसतात. तू पाहिल्यास ना झडपा ओढलेल्या?"

"पाहिल्या," रान्वा म्हणाली.

"मग?"

फोनमधून तिचा तो शिट्टीसारखा श्वास ऐकू येत होता.

"माझ्याकडे निळी लोकर आहे," रान्वा हळूच म्हणाली. "एल्स्पाच्या स्वेटरची."

"मग ती घरातच ठेव. आणि तिच्याजवळ बस."

दुसऱ्या दिवशी रान्वा दिवसभर बसली. संध्याकाळी तिने सहा गुण दिले. चार कापले, कारण वारा मुळीच नव्हता आणि वाऱ्याचा आवाज नसला की तिला करमत नाही. त्या रात्रीनंतर हेर्बोर्गने डोंगरामागे एक वारा घातला.

असा सगळा हिवाळा गेला. रोज सकाळी कॉफीच्या वेळी हेर्बोर्ग फोन लावायची आणि उद्याचं हवामान सांगायची. काय एकेक हवामानं होती ती! समुद्रावरून येणारी एक बारीक ओल, डोळ्यांना न दिसणारी, फक्त ताज्या रंगाला जाणवणारी. डिसेंबरातली 'उसनी दुपार', जी आदल्या दिवशीच्याच दुपारसारखी असते, म्हणून त्या दिवशी नवं काम काढायचं नसतं. आठवड्यातून एखादाच दिवस ती खरोखरचा कोरडा द्यायची आणि वर बजावायची, "एक वाजेपर्यंतच. नंतर उतरेल." रान्वा एक वाजता घरात यायची. तिला का माहीत नव्हतं की हे सगळं तिच्या बहिणीने स्वयंपाकघरात बसून रचलेलं आहे? चांगलं माहीत होतं. पण नियम तो नियम. शिवाय, तिला कुणीतरी बसायची परवानगी द्यायला हवी होती, आणि आमच्याकडे ती परवानगी फक्त हवाच देऊ शकते. स्वतःची स्वतः घ्यायला आम्ही कधी शिकलोच नाही.

जानेवारीत एल्स्पाने सांगितलं की आई आता आडवी होऊन झोपते. टोरा ते ऐकून आत भांडी घासायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

क्लबात मात्र हेर्बोर्ग आता गावं आणेनाशी झाली. तिची पाळी आली की म्हणायची, पुढच्या वेळी. मी एकदा विचारलंच, "सगळी हवा स्पेनला पाठवतेस, आमच्या वाट्याला काहीच नाही?"

"पुरत नाही गं," ती म्हणाली.

फेब्रुवारीत एकदा मी तिथे असतानाच रान्वा फोनवर म्हणाली, "हेर्बोर्ग, पुरे झालं आता. मला घरी यायचंय. तू एकदा ये म्हण, मी उद्याचं विमान धरते."

हेर्बोर्गने डोळे मिटले. आमच्या खिडकीबाहेर तेव्हा धुकं इतकं दाट होतं की रान्वाचं रिकामं घर, भिंतीला भिंत असूनही, दिसत नव्हतं.

"उद्या तुझ्याकडे सकाळी गार वारा आहे," ती म्हणाली. "शाल घे."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली आणि तिने सरळ सांगितलं, "मला ती इथे हवी आहे, मारीन. रोज सकाळी वाटतं, आज ये म्हणावं." मग तिने कॉफी ओतली.  मला तिच्याबद्दल इतका अभिमान वाटला की मी तिला, बिस्किटं मऊ पडलीत म्हणून उगीच टोचून बोलले.

मग मे महिना आला, आणि मे महिन्यातला तो दिवस आला.

असा दिवस आमच्याकडे वर्षातून एखादाच उजाडतो. कधीकधी तोही नाही. वारा नाही, ढग नाही, समुद्र नुसता पसरलेला. कोकरं कुरणात उड्या मारत होती. गावातली झाडून सगळी माणसं बाहेर होती. दोऱ्यांवर चादरी, दारांवर ओला रंग. टोरा, या वयात, शिडी लावून छपरावर चढली होती आणि सुटलेले पत्रे ठोकत होती. मी हेर्बोर्गला हाक मारायला गेले. तिचं धुण्याचं टोपलं दारात भरून तयार होतं, बाह्या वर सरसावलेल्या होत्या. तेवढा फोन करून निघायचं होतं.

तिने रान्वाला उद्याचं सांगितलं. रान्वा मजेत होती. श्वासातली शिट्टी जवळजवळ गेली होती.

"आणि तिकडे कसं आहे?" रान्वाने विचारलं.

सगळ्या हिवाळ्यात तिने हे कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती म्हणा, हिवाळ्यात आमच्याकडे काय असतं ते तिला माहीत होतं. पण आता मे होता.

हेर्बोर्गने खिडकीतून बाहेर पाहिलं. ऊन तिच्या टेबलावर आलं होतं, तिच्या हातांवर आलं होतं.

"पाऊस," ती म्हणाली. "दोन दिवस लागून राहिलाय."

मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

"असं?" रान्वा म्हणाली.

त्याच क्षणी टोराने वरून हाणायला सुरुवात केली. ठण, ठण, ठण. हातोडीचा एकेक घाव सगळ्या गावात घुमत होता. उघड्या खिडकीतून कोकरांचं बें बें येत होतं, आणि कुणाचंतरी पोर समुद्राच्या दिशेने आनंदाने किंचाळत गेलं. पावसात छपरावर कोण चढतं? हे रान्वाला कुणी सांगायची गरज नव्हती. ती याच गावात जन्मली होती.

 हेर्बोर्गचा चेहरा पडला.

"वारा कुठून आहे?" रान्वाने विचारलं. आवाज जरा घोगरा झाला होता.

"नैर्ऋत्येकडून," हेर्बोर्ग म्हणाली.

"धुकं?"

"आहे ना. तुझं घर दिसत नाही."

"मेंढ्या?"

"आडोशाला गेल्यात."

"बरं." रान्वाने नाक ओढल्याचं ऐकू आलं. "मग आज कामं काढू नकोस. ऐकतेस ना? हिवाळाभर तू बसलेली नाहीस, एल्स्पा मला सांगते, तू शाळेत परत स्वयंपाकाला जायला लागलीस, माझ्या घराच्या भिंतीही एकटीने पुसतेस. एवढ्या पावसात कुणी बाहेर पडतं का? बस जरा. आजचा दिवस नुसती बस."

"बसते," हेर्बोर्ग म्हणाली.

फोन बंद झाला. दारात धुण्याचं टोपलं होतं. बाहेर वर्षातला सगळ्यात चांगला दिवस होता. हेर्बोर्गने सरसावलेल्या बाह्या खाली केल्या, खुर्ची ओढली आणि बसली. कोरड्या दिवशी घरात बसलेली हेर्बोर्ग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

छपरावरून टोरा ओरडली, "अगं ए, मेलात का दोघी आत? ऊन चाललंय!"

मी उठले आणि खिडकी लावून घेतली. पाऊस आत येत होता.